दहा आणि सात

आत्या कामावरून आली की चपला काढायच्या आधी बेसिनपाशी जाऊन बोटं मोजायची. उजव्या हाताच्या चिमटीत डाव्या हाताचं एकेक बोट धरायची, मग हात बदलायची. शेवटच्या करंगळीला "दहा" असं मोठ्याने म्हणायची, नळ सोडायची आणि पाण्याच्या आवाजात म्हणायची, "उपकार तुझे, बापा." तिची संध्याकाळची प्रार्थना एवढीच. चार शब्द, त्यातला एक आकडा.

आमच्या घरात प्रार्थनेची कमतरता नव्हती. बाबा जेवणाआधी डोळे मिटून सुरू व्हायचे ते आजारी, प्रवासी, विधवा, राज्यकर्ते आणि दूरदेशीचे सेवक असा सगळा फेरा पूर्ण करूनच ताटावर यायचे. फेरा विधवांपर्यंत आला की आत्या एक डोळा उघडायची आणि भाजीवर झाकण ठेवायची. ती स्वतः विधवा होती. "माझं झालं ना? मग बाकीच्यांचं जेवणानंतर घे," असं ती एकदा म्हणाली होती, तेव्हा बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. तिला ते दोन दिवस बरे गेले.

ती गेली तेव्हा चर्चमध्ये तिच्याबद्दल तीन जण बोलले आणि तिघांनीही तिला शांत, सोशिक, प्रेमळ भगिनी म्हटलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. आत्या शांत नव्हती. सोशिक तर मुळीच नव्हती. आणि प्रेम ती अशा रीतीने करायची, की ज्याच्यावर केलं त्याला बऱ्याच वर्षांनी कळावं. मेलेल्या माणसाला धुऊन, नीळ घालून, कडक इस्त्री करून ठेवायची आमच्या मंडळीला मोठी हौस. आत्या एकतीस वर्षं धुण्याच्याच धंद्यात होती आणि ती म्हणायची, डाग काढायच्या आधी तो कशाचा आहे ते बघावं लागतं. म्हणून मी हे लिहिते आहे.

लाँड्री मोठी होती. तीन इस्पितळांच्या चादरी आणि दोन हॉटेलांचे टेबलक्लॉथ तिथे यायचे. लांब, ठेंगणा हॉल. एका टोकाला मळक्या कपड्यांची गाठोडी, दुसऱ्या टोकाला घड्यांच्या थप्प्या आणि मधे वाफ. सगळ्यात मोठं मशीन रोलरचं. एक तापलेलं, आडवं पिंप सावकाश फिरत असायचं. दोघींनी दोन टोकं धरून ओली चादर त्याच्या तोंडात द्यायची, पलीकडे ती वाळून कडकडीत बाहेर पडायची. तोंडासमोर एक बारीक लोखंडी दांडी होती. चादरीबरोबर बोटं आत जाऊ लागली तर ती दांडीला लागतात आणि मशीन जागच्या जागी थांबतं. आत्याच्या पहिल्या दिवशी, एक अंगठा नसलेल्या एका म्हातारीने तिला सांगितलं होतं, "घरी गेलीस की मोज. कमी भरली तर इथेच शोधायला ये." आत्याने ते हसण्यावारी नेलं नाही. मशीनवरच्या बायकांनी तिचं नावच 'दहाबोटे' ठेवलं. "काय हो दहाबोटे, आज भरली का?" असं त्या घरी निघताना विचारायच्या. ती म्हणायची, "घरी जाऊन सांगते. इथे मोजली तर तुम्ही लांबवाल."

त्या बायका दिवसभर बोलायच्या आणि दिवसभर शपथा घ्यायच्या, आणि आत्या प्रत्येक शपथेला टोकायची.

"आईशप्पथ, काल डोळ्याला डोळा लागला नाही."

"आईला कशाला मधे ओढतेस? ती बिचारी घरी भांडी घासतेय."

"देवाशप्पथ, ही चादर मी नाही फाडली."

"मग तूच फाडलीस. नसती फाडलीस तर नुसतं नाही म्हणाली असतीस."

आधी ही नुसती तिची खोड होती. एका वर्षी तिला वरून शिक्का मिळाला.

आमच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासना संपली की बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा फिरतो. त्यात वचनांच्या चिठ्ठ्या असतात. प्रत्येकाने डोळे मिटून एक काढायची. ती त्याची वर्षभराची. डोळे मिटायचे ते फक्त लहान मुलांनी. मोठी माणसं चाळून घेतात. लाँड्रीचे मालक चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष होते. पहिल्या बाकावर त्यांची जागा, आणि ज्या फरशीवर आम्ही गुडघे टेकायचो ती त्यांनी घालून दिलेली. त्यांच्या बायकोला त्या वर्षी आधी संकटात धीर धरण्याबद्दलचं वचन आलं. "अय्या, हे दुसऱ्या कुणाचं आलं वाटतं," असं म्हणत त्यांनी ती चिठ्ठी परत टाकली. दुसरीत शेजाऱ्याला क्षमा करायला सांगितलं होतं, तीही गेली. तिसऱ्यांदा ओसंडून वाहणारा आशीर्वाद आला, तेव्हा त्यांनी ती पर्समध्ये घालून चेन ओढली.

"देवाला पत्ते पिसायला लावलेत," आत्या माझ्या कानात म्हणाली. हळू म्हणाली असं तिला वाटलं.

मग डबा तिच्यापुढे आला. तिने एक काढली. कशाचीही शपथ घेऊ नका, हो असेल तर हो म्हणा आणि नाही असेल तर नाही म्हणा, अशा अर्थाचं वचन होतं.

मालकीणबाईंनी वाकून वाचलं. "अगंबाई, यात आशीर्वाद कुठे आहे?"

"आशीर्वाद नाही," आत्या म्हणाली. "काम आहे."

तिने ती चिठ्ठी आपल्या जेवणाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली. रोज दुपारी जेवताना ती समोर असायची. वाफेने पिवळी पडली तरी वाचता यायची. त्याच महिन्यात पाळकसाहेबांनी त्याच वचनावर पाऊण तास उपदेश केला. चांगला केला. मला अजून आठवतो, म्हणजे चांगलाच असणार.

त्या वर्षी हॉटेलांचा गर्दीचा हंगाम आला आणि टेबलक्लॉथ वाढले. त्यांच्या कडा जाड. जाड कड दांडीला लागली की मशीन थांबायचं, पुन्हा सुरू करायचं, दहा मिनिटांनी पुन्हा थांबायचं. मालकांनी एक दिवस दांडी वर उचलून हँगरच्या तारेने बांधून टाकली. चार वेढे.

आत्या त्यांच्या केबिनमध्ये गेली. "साहेब, ती दांडी सोडा."

"बाई, राखणारा प्रभू आहे."

"प्रभूने राखायलाच दांडी दिली होती. ती तुम्ही बांधलीत."

ते हसले. ते नेहमी हसायचे. चर्चमध्ये त्यांच्या हसण्याला नम्रता म्हणत. आत्या आठवड्याने पुन्हा सांगून आली. मग तीही मूग गिळून गप्प बसली. हे मी तिच्यावर आळ घेऊन सांगत नाही, तीच सांगायची. "दोनदा सांगितलं आणि मला वाटलं, माझं झालं. तुझ्या बाबाच्या प्रार्थनेसारखं. यादी वाचली की सुटलो."

दांडी बांधून आठ महिने होत आले, तेव्हा मशीनवर तिच्यासमोर एक नवी मुलगी होती. एकोणीस वर्षांची, कामाला लागून तीन आठवडे झालेले; सगळ्या तिला 'नवी' म्हणायच्या. एका दुपारी टेबलक्लॉथबरोबर नवीचा उजवा हात आत गेला. आत्याने धावत जाऊन खटका पाडला, पण रोलर लगेच थांबत नाही. तीन बोटं गेली.

मालक केबिनमधून पळत आले. त्यांनी आधी पक्कड मागितली, तार तोडली, दांडी खाली केली, मग इस्पितळाला फोन केला. आत्या नवीचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसली होती. तिथून तिला सगळं दिसलं. आधी तार, मग फोन. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने बोटं मोजली. दहा म्हणाली. नळ सोडला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आणि सात."

तेव्हापासून रोज तसंच. दहा, आणि सात.

चौकशी बसली. मी कॉलेजात होते, आत्याबरोबर गेले. सरकारी कचेरीतली एक खोली, तिच्यात कपाटाला टेकून ठेवलेली आणखी कपाटं. टेबलामागे जाड चष्म्याचे, सर्दी झालेले एक अधिकारी. एका खुर्चीवर नवी, हाताला पांढरा बोचका बांधलेली. प्रश्न एकच होता: दांडी जागेवर होती की नव्हती. होती असं ठरलं, तर ती नवीनेच उचलली असा अर्थ होत होता. मग तिच्या कागदावर 'निष्काळजी' असा शेरा पडणार, आणि सात बोटांच्या निष्काळजी बाईला जगात कोणी कामावर घेणार नाही. आणि पुढच्या हंगामात पुन्हा हँगरची तार येणार.

मालकांनी पवित्र शास्त्रावर हात ठेवला. डोळे मिटले. इतका सुंदर हात ठेवला, की अधिकाऱ्यांनी रुमाल खाली घेतला. मग डोळे उघडून त्यांनी सांगितलं, की दांडी जागेवर होती, मुलगी अल्लड आहे, आणि आपण रोज तिच्यासाठी प्रार्थना करतो. बायकांना विचारलं तर सगळ्यांची म्हणे मशीनकडे पाठ होती. चौदा बायका, चौदा पाठी. ज्या बायकांना शेजारणीच्या डब्यात काय आहे ते वाफेतून दिसायचं, त्यांना आठ महिने डोळ्यांसमोर बांधलेली दांडी दिसली नव्हती. देवाशप्पथ नव्हती दिसली.

मग आत्या.

"यावर हात ठेवा आणि म्हणा, मी शपथपूर्वक..."

"शपथ मी घेत नाही," आत्या म्हणाली. "विचारा काय विचारायचं ते. आहे तसं सांगते."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचंच पुस्तक आहे ना हे?"

"त्यातच लिहिलंय, घेऊ नका म्हणून."

"त्याच्यावर हात ठेवू नका, असं त्याच्यातच लिहिलंय?"

"तुम्ही वाचलेलं दिसत नाही," आत्या म्हणाली. "साहेबांनीही नाही." आणि तिने मालकांकडे बघितलं.

मालकांचा वकील उठला. जी बाई शपथ घ्यायला घाबरते, तिच्या बोलण्याची किंमत काय, असं त्याने विचारलं. अधिकारी शिंकले. शपथेशिवाय आपल्याला एक अक्षर लिहून घेता येणार नाही, ते म्हणाले. सूट हवी असेल तर तुमच्या धर्मगुरूंचं पत्र आणा, की तुमच्यात अशी श्रद्धा असते. आठ दिवसांनी या. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे फक्त छापील कागद होता आणि त्या कागदात आत्या बसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला. हवापाण्याचं बोलले, माझ्या परीक्षेचं विचारलं, आत्याच्या गुडघ्याचं विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवतात ते ऐकलं होतं. इथे ताकवालाच भांडं बघायला तयार नव्हता.

शेवटी आत्याच म्हणाली, "दोन ओळींचं पत्र हवंय. शपथ घेऊ नये असं आपल्यात सांगितलंय, एवढंच."

"तसं सांगितलंय," ते म्हणाले. "पण संदर्भ पाहावा लागतो. कुणाला सांगितलं, कधी सांगितलं."

"जानेवारीत तुम्ही पाऊण तास सांगितलंत. तेव्हा संदर्भ कुठे गेला होता?"

"उपदेश वेगळा, बाई. पत्र वेगळं."

"हो," आत्या म्हणाली. "पत्राला सही लागते."

पाळकसाहेबांनी बशीतलं बिस्किट उचललं आणि परत ठेवलं. मंडळीत फूट पडेल असं काही आपल्याला करता येणार नाही, ते म्हणाले. आपण सगळ्यांनी मिळून प्रार्थना करू. त्यांनी डोळे मिटले. त्यांनी ते उघडले तेव्हा आम्ही दारापर्यंत आलो होतो. आत्या चपला शोधत होती.

घरी बाबांनी विचारलं नाही, पण ऐकवलं. "मोठ्यांच्या वाटेला जाऊ नये. हात दाखवून अवलक्षण."

"हात दाखवायला त्या पोरीकडे उरलाय कुठे," आत्या म्हणाली. बाबा वर्तमानपत्रात शिरले.

मला बाबांचा राग आला नव्हता, त्यांची सवय होती. राग मला आत्याचा आला होता. त्या आठवड्यात मी तिच्याशी जे बोलले, ते आठवलं की अजून मान खाली जाते. पण बोलले ते चूक होतं असं मला अजूनही वाटत नाही.

"एक हात ठेवायचा आणि एक वाक्य म्हणायचं," मी म्हणाले. "तो खोटं बोलायला हात ठेवतो, आणि तुला खरं बोलायला ठेवता येत नाही?"

"म्हणूनच येत नाही."

"तुझं वचन डब्याच्या झाकणात स्वच्छ राहील गं. तिकडे त्या मुलीच्या नावावर शेरा पडेल. तू पण डब्यातूनच चिठ्ठी निवडतेयस, आत्या. मालकीणबाईंसारखी. फक्त त्या गोड निवडतात आणि तू कडू."

ती चादरीला इस्त्री करत होती. घरच्या चादरीसुद्धा ती कडेपासून करायची, मधून नाही. इस्त्री थांबली. कापड तापल्याचा वास आला, तेव्हा कुठे तिने ती उचलली.  चादरीवर फिकट तपकिरी त्रिकोण उमटला होता. एकतीस वर्षांत तिच्या हातून करपलेली ती एकच चादर. ती आमच्याकडे अजून आहे.

आठव्या दिवशी कचेरीत अधिकाऱ्यांनी विचारलं, "पत्र आणलं?"

"नाही. द्या ते पुस्तक."

"आता घेता शपथ? मागच्या वेळी तर..."

"मला नकोच आहे," आत्या म्हणाली. "तिला हवी आहे." आणि तिने नवीकडे मान केली.

तिने हात ठेवला. मालकांसारखा नाही. तापलेल्या तव्यावर ठेवावा तसा. वाक्य म्हणाली, हात उचलला आणि पदराला पुसला. मग एका दमात सांगितलं: तार हँगरची, पांढरी. वेढे चार. बांधली साहेबांनी, तोडली साहेबांनी, आधी तार मग फोन. आपण दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं नाही, तेही लिहून घ्या. आणि दांडीचं डावं टोक जाऊन बघा. आठ महिने तार घासून रंग गेलाय, चार रेघा आहेत. रंग काही कुणाची पाठ बघून जात नाही.



त्या दुपारीच माणूस जाऊन बघून आला. चार रेघा होत्या. अधिकाऱ्यांनी लिहिलं, की दांडी व्यवस्थापनाने बांधली होती, कामगार मुलीचा दोष नाही, आणि दांडी पक्की बसवल्याशिवाय मशीन चालू करू नये. खोलीबाहेर नवी आत्याच्या पाया पडायला वाकली. आत्याने तिला खांद्याला धरून सरळ केलं. "पाया नको पडूस. डाव्या हाताने लिहायला शीक."

इथे थांबले असते, तर चर्चमधल्या त्या तीन भाषणांसारखी एक गोष्ट झाली असती. पण त्यानंतरचा रविवार आहे.

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आधी पाळक म्हणतात, "कोणाला मंडळीसमोर काही कबूल करायचं असेल तर उभं राहावं." मग थोडी शांतता. ही शांतता कित्येक वर्षं एका खोकल्याएवढी होती. कोणीतरी खोकायचं आणि पाळक पुढे जायचे. माझ्या आयुष्यात तिच्यात कोणी उभं राहिलं नव्हतं. काय कबूल करणार? आमच्याकडे पापं फक्त उपदेशात असायची, माणसांकडे नसायची.

आत्या उभी राहिली.

पाळकसाहेब पुढच्या वाक्याचा पहिला शब्द बोलून बसले होते. तो तसाच लोंबकळला.

"मी या आठवड्यात शपथ घेतली," आत्या म्हणाली. तिचा आवाज मशीनवर बोलून मोठा झालेला, शेवटच्या बाकापर्यंत गेला. "घेऊ नका असं सांगितलेलं माहीत असून घेतली. या वर्षी चिठ्ठीत तेच आलं होतं, तरी घेतली. एका मुलीसाठी घेतली, पण घेतली. माझ्या नुसत्या हो-नाहीवर कोणाचा विश्वास बसला नाही; तो बसावा म्हणून दोन ओळी लिहून मिळाल्या असत्या तर कदाचित शपथ लागली नसती. त्यात माझंही चुकलं. दांडी बांधली तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. क्षमा असावी."

आणि बसली.

तिने कोणाचं नाव घेतलं नाही, कोणाकडे बघितलंही नाही. तिची नजर समोरच्या बाकाच्या पाठीवर होती. पण खरं बोलायला शपथ घेतली म्हणून क्षमा मागणाऱ्या बाईच्या चार बाक पुढे, खोटं बोलायला शपथ घेतलेला माणूस प्रभुभोजनाला बसला होता, आणि हे लाँड्रीतल्या वाफेसारखं सगळ्या चर्चभर पसरलं. मालकीणबाईंच्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. त्यांच्याच फरशीवर आवाज छान घुमला. मालकांनी मान खाली घातली, अगदी सुरेख. त्यांना तेही येत होतं. पाळकसाहेब घाईघाईने "आमेन" म्हणाले, जिथे आमेन नसतो तिथे. नंतर भाकरीचं तबक आलं तेव्हा आत्याने ते माझ्याकडे सरकवलं. स्वतः घेतलं नाही. मालकांनी घेतलं.

उपासनेनंतर अंगणात बाया तिच्याभोवती जमल्या नाहीत, तिच्यापासून थोड्या अंतरावर जमल्या. "काय तरी मेलं, शास्त्रावर हात ठेवला म्हणून माफी मागते," एक म्हणाली. "वेगळेपणा मिरवायचा, दुसरं काय," दुसरी म्हणाली. नाकाने कांदे सोलणाऱ्या त्या सगळ्या. डोळ्यांत पाणी मात्र एकीच्याही नव्हतं. पुढच्या रविवारी मालक साक्ष द्यायला उभे राहिले. प्रभूने आपल्याला मोठ्या परीक्षेतून सुखरूप नेलं, ते म्हणाले, आणि कामगारांच्या सुरक्षेसाठी आपण स्वेच्छेने नवी दांडी बसवली आहे. सगळे आमेन म्हणाले. बाबाही म्हणाले. आत्याने एक डोळा उघडून बाबांकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटला.

ते अध्यक्ष राहिले. त्याच कमिटीचे, त्याच फरशीवर, आणखी अकरा वर्षं. आत्याला रोलरवरून काढून मळक्या गाठोड्यांवर टाकलं. इस्पितळाची चादर धुण्याआधी कशी असते ते मी लिहीत नाही. ती कधी कुरकुरली नाही असं भाषणात म्हणाले, ते खोटं. रोज कुरकुरायची, आणि नाकाला फडकं बांधून करायची. चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसेनासं झालं. "बरं झालं," ती म्हणायची, "ऐसपैस मिळतं." प्रभुभोजन ती दोन वर्षांनी पुन्हा घेऊ लागली. कोणी सांगितलं म्हणून नाही. "झाली असेल क्षमा एवढ्यात," एवढंच म्हणाली.

नवीला काउंटरवर बसवलं, कारण आता काढता येत नव्हतं. ती डाव्या हाताने पावत्या लिहायला शिकली. अक्षर आधी कोंबडीच्या पायांसारखं, मग माझ्यापेक्षा चांगलं. पुढे मालकांच्या मुलाने तिला सगळ्या हॉलवर देखरेखीला नेमलं. तरी नाव 'नवी'च राहिलं. रोज सकाळी रोलर सुरू व्हायच्या आधी ती दांडीला डाव्या हाताने ढकलून बघते, मशीन थांबतं की नाही. आत्यावरच्या त्या तीन भाषणांच्या दिवशी ती शेवटच्या बाकावर होती. तिला बोलायला कोणी बोलावलं नाही.

आत्या त्याच तीन इस्पितळांपैकी एकात गेली. शेवटच्या दुपारी मी तिच्याजवळ होते. ती फारसं बोलत नव्हती. त्यानंतर झोपली ती झोपलीच, म्हणून हे शेवटचं. तिची बोटं अंगावरच्या चादरीची कड चाचपत होती. कोपऱ्यात लाँड्रीचा निळा शिक्का होता.

"दमट आहे ही," ती म्हणाली.

मी हात लावून बघितला. कड खरंच ओलसर होती. पण वॉर्डात परिचारिका एकटी, चादरी कमी, आणि मला आत्याला त्रास द्यायचा नव्हता.

"कोरडी आहे गं, आत्या," मी म्हणाले. "आईशप्पथ."

तिने एक डोळा उघडला.

"शप्पथ घेतलीस," ती म्हणाली, "म्हणजे दमटच आहे."